भाडेकरू गेला, घर रिकामं आहे: तात्पुरता अलार्म कोणता घ्यावा, कसा लावावा

अकरा महिन्यांचा करार संपतो, भाडेकरू सामान घेऊन जातो आणि नवा मिळेपर्यंत फ्लॅट महिना-दोन महिने बंद राहतो. आत चोरण्यासारखं आहेच काय, असं मालकाला वाटतं. पण कुलूपबंद घर फोडणारा दरवेळी दागिन्यांसाठीच येत नाही. बाथरूममधले पितळी नळ, गीझर, एसीचा तांब्याचा पाइप, इन्व्हर्टरची बॅटरी, बंगला असेल तर पाण्याची मोटर, हा सगळा माल भंगारात लगेच खपतो. शिवाय कडी-कोयंडा उचकटताना चौकट फुटली तर सुताराचा खर्च वेगळा.

दुकानात किंवा ऑनलाइन अलार्म बघायला लागण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहा: रात्री दोन वाजता निरोप मिळाल्यावर दहा मिनिटांत दारापर्यंत कोण पोचेल? राहत्या घरात हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, वाजला की आतलं माणूस जागं होतं. रिकाम्या घरात आत कुणीच नसतं. म्हणून शेजारी, वॉचमन, दोन गल्ल्या सोडून राहणारा मेव्हणा, जो कोणी येऊ शकेल तो आधी ठरवायचा, आणि त्याच्यापर्यंत निरोप पोचवणारं यंत्र मग घ्यायचं. असा माणूस मिळतच नसेल तर महागड्या किटपेक्षा चांगलं कुलूप आणि मजबूत सेफ्टी डोअर यावर पैसे घाला.

तीन प्रकार, आणि कुठला कुणाला

सगळ्यात स्वस्त म्हणजे सेलवर चालणारा दाराचा अलार्म. काही शे रुपयांत मिळतो. दार उघडलं की तो स्वतःच बोंबलतो, कुणाला फोन करत नाही. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील आणि रात्रपाळीचा वॉचमन खरोखर फेऱ्या मारत असेल, तर एवढ्यावर भागतं. मात्र डबीतला आवाज बंद दारामागून जिन्यात किती येतो, ते विकत घेतल्यावर लगेच तपासा. जाड फ्लश डोअर आणि बाहेर सेफ्टी डोअर असेल तर तो बराच दबतो.

दुसरा प्रकार सिमकार्डवर चालणारा पॅनल, ज्याला दुकानदार ‘जीएसएम अलार्म’ म्हणतात. पॅनल म्हणजे सेन्सरचे इशारे घेणारा मुख्य डबा. सेन्सर बिनतारी, पॅनल विजेवर, आत बॅटरी बॅकअप. धोका दिसला की तो ठरवून दिलेल्या पाच-सहा नंबरांना एकामागून एक फोन लावतो आणि मेसेज पाठवतो. ब्रॉडबँड लागत नाही. महिना-दोन महिन्यांच्या रिकाम्या घराला बहुतेक वेळा हाच बरा पडतो, म्हणून खाली जास्त याच्याबद्दलच आहे.

तिसरा वाय-फायवरचा. घरातलं ब्रॉडबँड चालू असेल तरच याचा विचार करा, नुसत्या अलार्मसाठी नवं कनेक्शन घेणं परवडत नाही. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावावा लागतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते बघा. चुकीचा व्होल्टेज दिला तर राउटर जळू शकतो. आणि अॅपचं नोटिफिकेशन रात्री झोपेत कुणाला ऐकू येत नाही. फोनची रिंग ऐकू येते. वाय-फायबरोबर फोनही लावणारा पॅनल मिळाला तर तो घ्या.

परदेशातून येताना नातेवाइकांनी आणलेलं किट मात्र वापरू नका. अमेरिकेतली बरीच बिनतारी किट ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपल्याकडे त्या पट्ट्यातला काही भाग मोबाईल सेवेसाठी आहे. भारतात विनापरवाना वापरायला मोकळे पट्टे म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झ, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ. इथल्या बाजारात मिळणारी स्वस्त किट बहुतेक ४३३ ची असतात. त्यांतले साधे सेन्सर फक्त बोलतात, ऐकत नाहीत. सेल संपून सेन्सर गप्प झाला तर पॅनलला पत्ताच लागत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी सेन्सरची हजेरी घेणारा, म्हणजे एखादा सेन्सर बराच वेळ बोलला नाही तर मेसेज करणारा, पॅनल रिकाम्या घरासाठी योग्य. दुसरी अट: वीज गेल्याचा आणि आल्याचा मेसेज त्यानं पाठवायलाच हवा.

सिमकार्ड: अर्धे पॅनल इथेच मुके होतात

स्वस्त पॅनलमधलं मोडेम अनेकदा फक्त टूजीचं असतं. जिओचं नेटवर्क टूजीवर चालत नाही, त्यामुळे अशा पॅनलमध्ये जिओचं कार्ड टाकलं की तो नुसता सिग्नल शोधत बसतो. खोक्यावर ‘फोरजी’ स्पष्ट लिहिलेलं असेल तोच पॅनल घ्या. टूजीचाच असेल तर दुसऱ्या कंपनीचं कार्ड घाला, आणि त्या घरात त्या कंपनीचा सिग्नल किती येतो ते आधी आपल्या मोबाईलवर बघा. पॅनल जिथे ठेवणार नेमकं तिथेच बघा. खिडकीत चार दांड्या आणि आतल्या पॅसेजमध्ये एक, हे फ्लॅटमध्ये नेहमीचंच.

कार्ड पॅनलमध्ये घालण्याआधी ते साध्या फोनमध्ये घालून तीन कामं उरका. सिमचा पिन लॉक काढा. एक फोन आणि एक मेसेज करून बघा. कंपनीचे जाहिरातीचे मेसेज शक्य तितके बंद करा. मग पॅनल बंद करून कार्ड घाला, चालू असताना नाही.

रिचार्ज संपला की बाहेर जाणारे फोन आणि मेसेज बंद होतात, पण पॅनलवरचा हिरवा दिवा तसाच जळत राहतो. बाहेरून काही कळत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार डेटा नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि असे प्लॅन ३६५ दिवसांपर्यंतचे असू शकतात. पॅनलला डेटा लागत नसेल तर असा लांब मुदतीचा प्लॅन घ्या आणि संपण्याची तारीख आपल्या फोनमध्ये गजर लावून ठेवा.

नंबरांचा क्रम असा लावा: पहिला आणि दुसरा नंबर जवळ राहणाऱ्यांचा, तिसरा मालकाचा. मालक पुण्याबाहेर असो की न्यू जर्सीत, पहिला फोन त्याला गेला तर तो तिथून पुन्हा शेजाऱ्याला फोन लावणार, त्यात पाच मिनिटं जातात. परदेशी नंबर पॅनलमध्ये घालायचा असेल तर त्या कार्डावर आयएसडी चालू आहे का बघा, नाहीतर मालकासाठी अॅपवरची सूचना पुरे. इथले रात्रीचे दोन म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार, त्यामुळे परदेशातला मालक त्या वेळी जागा असतो ही एक बरी गोष्ट. पॅनलचा नंबर प्रत्येकानं आपल्या फोनमध्ये ‘घराचा अलार्म’ अशा नावानं साठवावा आणि रात्रीच्या सायलेंटमधून त्याला सूट द्यावी. ११२ हा पोलिसांना बोलावण्याचा आपत्कालीन नंबर पॅनलमध्ये घालू नका. सेन्सरवरून पाल फिरली म्हणून पोलीस बोलावले गेले तर पुढच्या खऱ्या वेळी अडचण होईल. माणसानं खात्री करावी, मग त्यानं ११२ लावावा.

वीज बंद करून जाऊ नका

घर बंद करताना मेन स्विच पाडायची आपली जुनी सवय. इथे ती घातक ठरते, कारण पॅनलची बॅटरी काही तासच टिकते. पॅनल ज्या प्लगवर आहे तेवढ्याचा एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा छोटा स्विच) चालू ठेवा, गीझर, एसी, किचन यांचे पाडा, आणि चालू ठेवलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी लावून ‘बंद करू नये’ असं लिहा. रंगारी, प्लंबर, दलाल, प्रत्येकजण जाताना कर्तव्य म्हणून बटणं पाडतो. पॅनल पाच वॅट घेतो असं धरलं तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट होतात. त्याची काळजी नको.

बिलाची काळजी मात्र हवी. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. वीज कंपनीकडे नोंदवलेला मोबाईल नंबर गेलेल्या भाडेकरूचा असेल तर बिलाचे मेसेज त्यालाच जातात. अलार्म लावायच्या दिवशीच तो नंबर बदलून घ्या.

दाराचा सेन्सर

साध्या टू बीएचकेला दोन दारांचे सेन्सर (मुख्य दार आणि ड्राय बाल्कनी किंवा टेरेसचं दार), एक किंवा दोन मोशन सेन्सर, एक पॅनल आणि एक वेगळा हूटर एवढं पुरतं. रो हाउस किंवा बंगल्याला मागचं दार आणि गच्चीचं दार धरून चार दारं होतात. गच्चीचं दार लोक विसरतात, आणि जिन्यावरून येणाऱ्याला तेच सोपं जातं.

दाराच्या सेन्सरचे दोन भाग असतात. मोठा, सेल असलेला, चौकटीवर. छोटा, नुसतं चुंबक असलेला, दाराच्या फळीवर. दार मिटलेलं असताना दोघांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको आणि दोन्हींवरच्या खुणा समोरासमोर याव्यात. बिजागरीच्या बाजूला लावू नका, तिथे दार बरंच उघडलं तरी अंतर फारसं वाढत नाही. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात लावा.

लोखंडी सेफ्टी डोअरवर हाच सेन्सर फसतो, कारण लोखंड चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं आणि दार बंद असतानाही पॅनल ‘उघडं’ म्हणतो. चुंबकाखाली आणि सेन्सरखाली अर्ध्या-पाऊण सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घाला. तरी जमलं नाही तर सेफ्टी डोअरचा नाद सोडून आतल्या लाकडी दारावर लावा. हवा असेल तर सेफ्टी डोअरवर कंपनाचा सेन्सर वेगळा लावता येतो. कटावणी लागली की तो दार उघडण्याआधीच बोलतो, पण लिफ्टशेजारच्या दारावर किंवा जिन्यात पोरं खेळतात तिथे तो रोज बोलेल.

पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात. एप्रिलमध्ये नीट बसणारं दार जुलैमध्ये पूर्ण मिटत नाही आणि फट वाढते. उन्हाळ्यात लावताना फट कमीत कमी ठेवा, पण दोन्ही भाग एकमेकांना घासू देऊ नका.

मोशन सेन्सर: इथे घाई करू नका

मोशन सेन्सर अंगाची उष्णता बघतो. अधिक नेमकं सांगायचं तर, समोरच्या दृश्यातली उष्णता एका जागेवरून दुसरीकडे सरकली की तो बोलतो. त्याच्या दिशेनं सरळ चालत येणाऱ्यापेक्षा समोरून आडवं जाणारं माणूस त्याला लवकर दिसतं. म्हणून तो दारासमोर तोंड करून नको, तर दारातून शिरणारा त्याच्या नजरेला आडवा जाईल अशा कोपऱ्यात हवा. हॉलमधून बेडरूमकडे जाणारा पॅसेज ही सगळ्यात मोक्याची जागा. चोर कुठूनही शिरला तरी तिथून जातोच, त्यामुळे एक सेन्सर तीन खोल्या सांभाळतो. उंची सुमारे सात फूट. माळ्याच्या कडेला लावाल तर खालचा भाग झाकला जात नाही ना, ते बघा.

रिकाम्या घरात खोट्या अलार्मची कारणं राहत्या घरापेक्षा वेगळी असतात. भाडेकरू पडदे काढून नेतो. उघड्या काचेतून ऊन सरळ फरशीवर येतं, ढग आले-गेले की फरशीचा तो पट्टा तापतो-निवतो आणि सेन्सर फसतो. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवू नका. ते एका बाजूनं सुटून फडफडतं, शिवाय घर रिकामं आहे हे रस्त्यापर्यंत सांगतं. जुने पडदे लावा, दोन्ही कामं होतात.

मग कबुतरं. एक्झॉस्ट फॅनचं भोक, विंडो एसीची मोकळी जागा, बाथरूमच्या खिडकीतली पडलेली काचपट्टी, एवढी वाट त्यांना पुरते. अलार्म लावण्याआधी या जागा जाळीनं बंद करा. ‘पाळीव प्राण्यांना चालतो’ असं लिहिलेला सेन्सर जमिनीवरच्या मांजराला सोडून देईल, पण नाकासमोरून उडालेल्या कबुतराला सोडणार नाही.

आणि पाल. सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावरून पाल गेली की तिचा आकार त्याला माणसाएवढा वाटतो, कारण ती अगदी जवळ असते. झुरळंही तेच करतात. सेन्सर ट्यूबलाइटपासून लांब लावा. दिव्याजवळ किडे, किड्यांमागे पाल. सेन्सरच्या मागचं तारेचं भोक मोकळं असेल तर कापसानं बुजवा, नाहीतर मुंग्या आत घर करतात.

विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात आणखी एक अडचण येते. बंद घराच्या आतल्या भिंती अंगाएवढ्याच तापलेल्या असतात. भिंत आणि माणूस यांच्यातला फरकच उरला नाही तर सेन्सरला माणूस उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. तिथे भरवसा दाराच्या सेन्सरवर ठेवा आणि मोशन सेन्सर दुय्यम समजा.

बिनतारी मोशन सेन्सर एकदा बोलला की सेल वाचवायला काही मिनिटं झोपतो. चाचणी घेताना पहिल्यांदा वाजला आणि लगेच दुसऱ्यांदा वाजला नाही, म्हणून तो बिघडलाय असं समजून लोक परत करायला जातात. खोलीतून बाहेर या, दार ओढा, पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा आत जा.

पॅनल, हूटर आणि चिकटवणं

पॅनलमध्येच सायरन असेल तर चोर आवाजाच्या दिशेनं जातो आणि आधी पॅनलच फोडतो. म्हणून हूटर वेगळा घ्या. हूटर हॉलमध्ये उंचावर, पॅनल आतल्या बेडरूमच्या लाकडी कपाटात. लोखंडी कपाटात नको, सिग्नल मरतो. हूटर दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबेल असं सेटिंग ठेवा. रात्री दहानंतर तासभर वाजणारा हूटर म्हणजे दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र ठरलेलं.

तात्पुरतं म्हणजे ड्रिल न करता. दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोम टेप वापरा, किटबरोबर येणारी पातळ टेप फेकून द्या. ऑइलपेंटच्या चौकटीवर, टाइल्सवर आणि सनमायकावर ती उत्तम बसते. डिस्टेंपरवर ती रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येते. ओल आलेल्या भिंतीवर तर लावूच नका. नव्या रंगावर दोन-तीन आठवडे थांबा. जागा स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, चिकटवून अर्धा मिनिट दाबून धरा. टेपला पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर ओढून बघू नका. भिंत डिस्टेंपरची असेल तर मोशन सेन्सर दाराच्या चौकटीच्या माथ्यावर किंवा माळ्याच्या लाकडी पट्टीवर लावा.

किल्ली असलेली चार माणसं

भाड्याचं घर रिकामं असलं तरी बंद नसतं. दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो, रंगारी आठवडाभर येतो, प्लंबर अर्ध्या दिवसासाठी. खोट्या अलार्मपेक्षा जास्त नुकसान इथे होतं: कुणीतरी अलार्म बंद करतो आणि जाताना चालू करायला विसरतो. मग पुढचे पंधरा दिवस सगळे निर्धास्त, आणि पॅनल झोपलेला.

यावर उपाय म्हणजे रोज रात्री आठला आपोआप चालू होणारं वेळापत्रक. अॅपमध्ये किंवा पॅनलमध्ये ही सोय आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा, नसेल तर दुसरा पॅनल बघा. दलालाला रिमोट देऊ नका. त्यानं येण्याआधी फोन करावा आणि तुम्ही अॅपवरून किंवा मेसेज करून बंद करावं. तुम्ही उपलब्ध नसाल तर त्याला वेगळा कोड द्या आणि घर गेलं की तो पुसा. पॅनलचा कारखान्यातला पासवर्ड १२३४, ०००० असा काहीतरी असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. रिमोट हरवला तर फक्त नवा घेऊन भागत नाही, जुना पॅनलच्या यादीतून काढावा लागतो.

शेजाऱ्याशी बोलताना एक विषय काढाच. घरफोडी करणारे आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज आला तरी कुणी बाहेर येऊ नये. ज्याच्या भरवशावर अलार्म लावलाय त्याच्याच दाराला बाहेरून कडी असेल, तर ती काढून टाकायला सांगा. त्याला हेही सांगा की अलार्म वाजल्यावर एकट्यानं आत शिरायचं नाही: दिवे लावायचे, वॉचमनला हाक मारायची, ११२ लावायचा. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे दोन नंबर लिहून द्या.

कॅमेरा हवाच असेल तर एकच, आत, दाराकडे तोंड करून. तो खोटा अलार्म आहे की खरा, हे लांबून ठरवायला उपयोगी पडतो. शेजाऱ्याच्या दारावर रोखू नका.

पहिला आठवडा

हूटर काढून ठेवा, फोन चालू ठेवा आणि आठ दिवस नुसतं बघा. किती वेळा, कुठल्या सेन्सरनं, किती वाजता फोन केला ते लिहा. रोज सकाळी साडेसातला हॉलचा सेन्सर बोलतो, म्हणजे ऊन. कधीही, कसाही बोलतो, म्हणजे पाल किंवा कबुतर. पहाटे दाराचा सेन्सर बोलतो, म्हणजे फट मोठी आहे आणि वाऱ्यानं दार हलतंय. हे निस्तरल्यावरच हूटर जोडा. ‘लांडगा आला रे आला’ तीनदा झालं की चौथ्यांदा जिन्यात कुणी डोकावत नाही.

एकदा एमसीबी पाडून बघा: वीज गेल्याचा मेसेज आला का, आणि पॅनल बॅटरीवर किती तास टिकला. चार तासांत संपला तर त्या भागातल्या भारनियमनाला तो पुरणार नाही. दर आठवड्याला कुणीतरी दार उघडून फोन येतो का ते तपासावं. सेल सगळे नवेच घाला आणि तारीख सेन्सरच्या आत पेनानं लिहा.

नवा भाडेकरू आल्यावर

किल्ली देण्याआधी कॅमेरा आणि सगळे सेन्सर काढा, एकही मागे ठेवू नका. टेप ओढून उपटली तर रंग जातो. हेअर ड्रायरनं अर्धा मिनिट गरम करा, मग जाड नायलॉनचा दोरा सेन्सर आणि भिंत यांच्यामधून करवतीसारखा फिरवा. उरलेला फोम अंगठ्यानं चोळला की गोळा होऊन निघतो. प्रत्येक चुंबक आपापल्या सेन्सरला रबरबँडनं बांधा, सेल काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर ‘मुख्य दार’, ‘पॅसेज’ असं लिहा. पॅनलमधले नंबर पुसा. सिमकार्ड काढून साध्या फोनमध्ये ठेवा आणि तीन महिने वापराविना जाऊ देऊ नका, नंबर जाऊ शकतो. पुढच्या वेळी हेच किट अर्ध्या तासात पुन्हा लागेल, टेप तेवढी नवी आणा.